लोखंड बाहेर

लोखंडे हे त्यांचं आडनाव नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. खरं आडनाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. ज्या माणसाने एकतीस वर्षं आपल्या खोलीत लोखंडाचा कण येऊ दिला नाही, त्यालाच लोक लोखंडे म्हणायला लागले. माणसांची जीभ किती वाह्यात असते ते यावरून कळावं. नवीन आलेली मंडळी बिचारी खरंच समजायची. वरच्या मजल्यावरून पाकिटं यायची, त्यांवर ठसठशीत अक्षरात 'श्री. लोखंडे, मोजणी विभाग'. हे उत्तराखाली खरं नाव लिहायचे, आणि पुढचं पाकीट पुन्हा लोखंड्यांनाच यायचं. शेवटी त्यांनी नाद सोडला.

त्यांची खोली तळमजल्याच्या टोकाला होती, लिफ्टपासून लांब, म्हणजे हादरे नकोत. दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती, 'लोखंड बाहेर'. दाराशेजारी लाकडी परात. आत पाऊल टाकायच्या आधी किल्ल्या, घड्याळ, केसातल्या पिना, पट्टा, सगळं त्या परातीत काढून ठेवायचं. आतलं टेबल लाकडाचं, स्टूल लाकडाचं, आणि त्या स्टुलातसुद्धा खिळा नाही, लाकडी खुंट्या. एकदा मोठे साहेब चार पाहुण्यांना घेऊन आले. लोखंडे दारात आडवे.

"या ना, पण पट्टा बाहेर."

"अहो, पाहुणे आहेत बरोबर."

"मग पाहुण्यांचेही पट्टे बाहेर."

साहेबांनी एका हाताने विजार सावरत दुसऱ्या हाताने यंत्र दाखवलं, आणि पुढे वर्षभर जेवणाच्या टेबलावर ही गोष्ट पुरली. कुणी शहाणा विचारायचा, "काका, तुमच्या यंत्रातला चुंबकच एवढा थोरला लोखंडी आहे, त्याचं काय?" त्यावर लोखंडे चष्म्यावरून बघायचे. "तो हलत नाही. तुझी किल्ली हलते. निघ."

आता हे यंत्र करायचं काय, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हल्ली फोन म्हणू नका, कानातली यंत्रं म्हणू नका, सगळ्यांच्या पोटात विजेला आवर घालणारं तारेचं एक वेटोळं असतं. वस्तू लहान करायची तर ते वेटोळंही लहान करावं लागतं, आणि लहान केलं की ते दुबळं होतं. त्याच्यात जीव आणायचा तर त्याला चुंबकी धातूच्या पातळ फिल्मचा आधार द्यायचा. पातळ म्हणजे किती? डोक्याचा एक केस उभा चिरून त्याचे तीनशे पदर काढता आले, तर त्यातल्या एका पदराएवढी. ही फिल्म सिलिकॉनच्या चकतीवर चढवायची, चकतीचे नखाएवढे तुकडे करायचे, आणि त्यातला एकेक तुकडा लोखंड्यांकडे जायचा.

लोखंडे तो तुकडा काचेच्या काडीच्या टोकाला बसवायचे. काडी दोन चुंबकांच्या मध्ये थरथरत राहायची, आणि थरथरणाऱ्या तुकड्यात चुंबकत्व किती, ते शेजारच्या वेटोळ्यांना कळायचं. मग चुंबकाचा जोर वाढवत न्यायचा, परत उतरवायचा, उलटा करायचा. पडद्यावर आलेख उमटायचा. फिल्म ज्या वाटेने गेली त्याच वाटेने परत आली, तर एक तिरकी बारीक रेघ. जाताना एक वाट आणि येताना दुसरी, तर दोन्हींच्या मधे झाडाच्या पानासारखा फुगीर आकार. त्या दोन वाटांमधल्या जागेत वीज वाया जाते, वेटोळं तापतं. म्हणून रेघ हवी, पान नको. साऱ्या इमारतीत या दोनच शब्दांवर कामं चालायची. "रेघ आली की पान आलं?" असं लोक जिन्यात एकमेकांना विचारायचे. आणि रेघ मधेच जरा फुगलेली दिसली, की म्हणायचे, "रेघेला पोट आलंय." चाळिशीतल्या माणसांना हा विनोद फारसा आवडायचा नाही.

ही फिल्म चढवणारी बाई वरच्या मजल्यावर. तिला सगळे फिल्मवाली म्हणायचे. तिच्या आईच्या शेजारणी कित्येक वर्षं समजत होत्या की ही सिनेमात आहे. "हिरो कोण आहे गं यंदा?" असं एकीने विचारलं, तेव्हा हिने सांगितलं होतं, "कोबाल्ट." शेजारीण म्हणाली, "परदेशी दिसतोय." ही गोष्ट ती दर दोन महिन्यांनी नव्याने सांगायची, आणि लोखंडे दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. लोखंडे हसतात हे इमारतीत फक्त तिलाच माहीत होतं.

अकरा वर्षं दोघं दुपारचं एकत्र जेवायचे, मोजणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर. ती त्यांना दादा म्हणायची. डबा त्यांचा घरून यायचा, चहा तिच्या थर्मासमधून. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई, दुसरं कुणी नाही. इथे तिचा जीव म्हणजे ते पोलादी पिंप, ज्याच्या आतली सगळी हवा काढून ती धातूचा फवारा मारायची. सगळे त्याला पिंपच म्हणायचे. त्या पिंपाचे नखरे तिला ठाऊक, दुसऱ्या कुणाला नाही. दोन वर्षं ती एकाच फिल्मच्या मागे होती. एका मोठ्या गिऱ्हाइकाला ती हवी होती, आणि त्याची अट सरळ होती: एका चकतीचे पाच तुकडे द्या, पाचही तुकड्यांची रेघ बिनपोटाची दाखवा. दाखवलीत तर काम तुमचं. नाही तर, साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, हा विभाग बंद, पिंप दुसऱ्या विभागाला, आणि फिल्मवालीची बदली दूरच्या शाखेत. म्हणजे त्या बाईचं काम, तिचं गाव, तिच्या आईचं अंथरूण, सगळं लोखंड्यांच्या पाच आलेखांवर येऊन थांबलं होतं. तिला त्याची चिंता नव्हती. ती म्हणायची, "दादा मोजणार आहेत ना, मग झालं तर."

आणि नेमका त्याच वर्षी लोखंड्यांचा हात गेला.

गेला म्हणजे तुटला नाही. उजवा अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्ही आपसूक एकमेकांवर घासायला लागली. सदऱ्याची गुंडी लावताना वेळ लागायला लागला. बायकोने ते पहिल्याच आठवड्यात पाहिलं.

"अहो, हाताला काय झालंय?"

"काय व्हायचंय? झोप नाही झाली."

"महिनाभर?"

"तू गुंड्या मोजत बसतेस का माझ्या?"

पण बायको ऐकणारी नव्हती. धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, कंपवाताची सुरुवात आहे, औषधं घ्या, हाताला बारीक काम कमी द्या. ज्या माणसाचं सगळं काम एका थरथरत्या काडीवर चालायचं, त्याचाच हात थरथरायला लागला. देवाला थट्टा करायला दुसरं कुणी मिळालं नाही वाटतं.

"ऑफिसात सांगा," बायको म्हणाली.

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना!"

सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. खोली काढून घेतली असती, कोपऱ्यात एक खुर्ची दिली असती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने "आता कसं वाटतंय?" विचारलं असतं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांना वाटायचं. त्यांना दुसरं येत तरी काय होतं? ना ते कुणाकडे जायचे, ना पत्ते खेळायचे. एकतीस वर्षं एकच गोष्ट केली होती आणि ती चोख केली होती.

अडचण चिमट्याची होती. त्या खोलीत चिमटा प्लास्टिकचाच लागायचा, नियम त्यांचाच. पण प्लास्टिकचा चिमटा लवचिक. धड हातालाही जपून धरावा लागतो. लोखंड्यांच्या हातून एक तुकडा सटकला, फुटला. आठ दिवसांनी दुसरा. तो त्यांनी कागदात गुंडाळून खिशातून घरी नेला, कुणाला कळू नये म्हणून. अशी चोरी त्यांनी जन्मात केली नव्हती.

मग त्यांनी स्वतः एक स्टीलचा चिमटा आणला. थांबा, लगेच त्यांना नावं ठेवू नका. हे स्टील चुंबकाला न चिकटणारं होतं. तसलं असतं, त्यांना ते चांगलं माहीत होतं. आणल्यावर त्यांनी चुंबक लावून पाहिला, चिकटला नाही. तेवढ्याने समाधान झालं नाही, म्हणून त्या चिमट्याने कोरा तुकडा उचलून यंत्रात घातला. कोरा म्हणजे फिल्म न चढवलेला, नुसत्या सिलिकॉनचा. एका औषधाच्या डबीत तो जपून ठेवलेला असायचा आणि तीन महिन्यांतून एकदा यंत्र तपासायला बाहेर निघायचा. त्याच्यात चुंबकत्व नसतंच, त्यामुळे पडद्यावर काही दिसता कामा नये. तसंच झालं, काही दिसलं नाही. चिमटा पास. पकडही घट्ट. लोखंड्यांना कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला. हे लोखंड नव्हेच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि चिमटा सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायला लागले. परातीत मात्र कधी ठेवला नाही. तिथे तो लोकांना दिसला असता.

दोन महिने बरं चाललं. मग एके दिवशी चिमटाच हातातून पडला, टोकावर, फरशीवर. एक टोक वाकलं. त्यांनी तो घरी नेला, पकडीत धरून टोक सरळ केलं, दगडावर जरा घासून दुसऱ्याशी जुळवलं, आणि दुसऱ्या दिवशी खिशात घालून कामावर गेले. काम इतकं बेमालूम झालं होतं की त्यांनी ते बायकोला कौतुकाने दाखवलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी फिल्मवाली पाच तुकडे घेऊन खाली आली. अंबाडा सुटलेला, कारण पिना परातीत. डबी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "दादा, यंदा हिरो तयार आहे."

पहिल्या तुकड्याच्या रेघेला पोट होतं.

फार नाही, पण होतं. लोखंड्यांनी मान हलवली, दुसरा घातला. पोट. तिसरा, चौथा, पाचवा. सगळ्यांना पोट. ती बाकावर जाऊन बसली. लोखंडे घाईने निकाल देणारे नव्हते. त्यांनी पाचही तुकडे पुन्हा उचलले, पुन्हा मोजले. पोट जरा वाढलेलंच. तिसऱ्या दिवशी आणखी एकदा. आणखी वाढलेलं. फिल्मला हवा बाधतेय, रोज थोडी बिघडतेय, असं त्यांनी वहीत लिहिलं. तीनदा मोजून लिहिलं, म्हणजे शंकेला जागा नाही.

वही द्यायच्या दुपारी ती बाकावर त्यांच्या शेजारी बसली होती. त्यांच्या कपात तिने चहा ओतला, अर्धाच.

"हल्ली फार कंजूस झालीयस," लोखंडे म्हणाले.

ती हसली नाही. थर्मासचं झाकण फिरवत राहिली. मग म्हणाली, "दादा, तुमच्याकडे सगळं बरं आहे ना?"

लोखंड्यांना झोंबलं. एकतीस वर्षांत त्यांच्या मोजणीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ठेवावं ते हिने? "माझ्या यंत्राला काय धाड भरलीय?" ते ताडकन म्हणाले. "स्वतःचं बिघडलं की मोजणाऱ्याकडे बघायचं, ही चांगली रीत आहे. माझ्या खोलीत लोखंड नाही. कधी नव्हतं."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने झाकण लावलं.

वही दिल्यावर निकालाची बैठक झाली, तिथे साहेबांनीच विचारलं, बाहेरच्या एखाद्या प्रयोगशाळेकडून मोजून आणायचं का? साहेब माणूस वाईट नव्हता. तेव्हा फिल्मवालीच उभी राहिली. "दादांनी तीन वेळा मोजलंय," ती म्हणाली. "त्यांनी पोट म्हटलं म्हणजे पोट. माझंच कुठेतरी चुकलंय." लोखंडे खाली बघत होते आणि उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसले होते. तिने बाजू घेतली याचं त्यांना बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं पुढे त्यांना फार छळणार होतं.

गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. विभाग आठ दिवसांत आवरला. पिंप उघडून, आतून खरवडून, घासूनपुसून दुसऱ्या विभागाच्या ताब्यात दिलं. ते त्यात आता ॲल्युमिनियम उडवायला लागले. फिल्मवाली जायच्या दिवशी खाली आली, पिना काढून परातीत ठेवल्या, आत आली आणि एक डबी टेबलावर ठेवली. त्याच चकतीचे उरलेले चार तुकडे होते, न मोजलेले.

"हे टाकून द्या, दादा. माझ्याने टाकवत नाही."

आईला गाडीत आडवं घालून नेलं. लोखंडे निरोप द्यायला फाटकापर्यंत गेले नाहीत. खोलीतच बसून राहिले.

पुढल्या महिन्यात कोरा तुकडा तपासायची तारीख आली. लोखंड्यांनी औषधाची डबी उघडली, चिमट्याने तुकडा उचलला, काडीवर बसवला आणि चुंबकाचा जोर वाढवत नेला. नजर सवयीने दुसरीकडेच होती, कारण कोऱ्या तुकड्यात बघायचं काय? मग पडद्याकडे पाहिलं.

पान आलं होतं. लहानसं, पण पान.

आधी त्यांना वाटलं, काडी मळली. काडी पुसली. पान तसंच. तुकडा काढून नुसती काडी मोजली. पडदा कोरा. तुकडा पुन्हा चिमट्याने उचलून घातला, आणि पान जरा मोठं झालं. मग त्यांनी चिमटा डोळ्यांजवळ नेला. खूप वेळ बघितला. ड्रॉवरमधून चुंबक काढून टोकाजवळ धरला. चिमटा खटकन चिकटला नाही; नुसता हलला. चुंबकाकडे जरासा सरकला.

वाकवून सरळ केलं, ठोकलं, घासलं, की असल्या स्टीलमध्ये वाकलेल्या जागी चुंबकपणा येतो. हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. हे तेच दरवर्षी नवशिक्यांना शिकवायचे. खडूने फळ्यावर लिहून. आणि सिलिकॉन स्टीलपेक्षा टणक. तुकडा चिमट्यात धरला की त्याची धार टोक खरवडते आणि चुरा कडेला चिकटून राहतो. डोळ्याला दिसणार नाही एवढा. पण फिल्म तरी कुठे डोळ्याला दिसण्याएवढी होती? एकदा उचलला तर थोडा चुरा. तीनदा उचलला तर तिप्पट. हवा बाधत नव्हती. लोखंडे जितकी काळजी घेत होते, तितकं पोट वाढत होतं.

ते लाकडी स्टुलावर बसले. मग उठले, चिमटा उचलला, दार उघडलं आणि बाहेरच्या परातीत टाकला. त्या परातीत तो खट्टकन वाजला.

फिल्मवालीच्या डबीतला न मोजलेला तुकडा त्यांनी प्लास्टिकच्या चिमट्याने उचलायला घेतला. डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं. पहिला तुकडा पडला, फुटला. दुसरा पडला. तिसऱ्या वेळी चिमटा बाजूला ठेवला आणि ओठांनी ओल्या केलेल्या कागदाच्या टोकाने तो तुकडा अलगद उचलला, जमिनीवर गुडघे टेकून, कोपर टेबलाच्या कडेला रोवून. अर्धा तास लागला. बसला एकदाचा.

रेघ आली. जाताना आणि येताना एकच वाट, मधे सुईसुद्धा शिरणार नाही. एवढी नितळ रेघ त्यांनी एकतीस वर्षांत चार-पाच वेळाच पाहिली असेल. लोखंडे पडद्यासमोर उभे राहून रडले. दार लावायचं भान नव्हतं.

त्याच दुपारी साहेबांना सगळं सांगितलं. हातासकट. साहेबांनी पोटाचा आणि नितळ रेघेचा, दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले, चष्मा काढला, परत लावला.

"हे आता कशाला उकरून काढताय, लोखंडे? गिऱ्हाईक गेलं. पिंपात ॲल्युमिनियम आहे. ती फिल्म आता या पिंपातून पुन्हा व्हायची नाही."

"पण तिचं चुकलं नव्हतं."

"ते मला कळलं हो. पण कागदावर आलं तर वरचे माझी सालटी काढतील. तुम्ही वहीत काही लिहू नका. तब्येतीचं कारण सांगून हलकं काम घ्या, मी बघतो."

"लिहून आलोय," लोखंडे म्हणाले.

त्या वहीतलं अक्षर कंपवाताने वर्षभर बारीक बारीक होत गेलेलं आहे, हे साहेबांना पानं उलटताना पहिल्यांदा दिसलं. शेवटच्या नोंदीला तर भिंगच लागलं असतं. शेऱ्याच्या रकान्यात दोनच वाक्यं होती. 'लोखंड आत आलं. मी आणलं.' आणि खाली सही, खऱ्या नावाची, जे वाचून साहेबांना क्षणभर कळेना की हा कोण माणूस.

पुढच्या रविवारी लोखंडे बसने फिल्मवालीच्या नव्या गावी गेले. पाच तासांचा रस्ता. बायको म्हणाली, मी येते बरोबर. ते नको म्हणाले. पण सदऱ्याच्या गुंड्या तिनेच लावून दिल्या, आणि त्यांनी लावू दिल्या.

दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत आई झोपलेली, दारातून तिचे पाय दिसत होते. फिल्मवाली तिथल्या शाखेत खोकी तपासून शिक्का मारायच्या कामावर होती; बोटांना निळी शाई. तिने त्यांना बसायला खुर्ची दिली. लोखंडे बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं, चिमटा आणला तिथपासून, वाक काढला, तीनदा मोजलं, बैठकीत खाली मान घालून बसलो, सगळं. काही गाळलं नाही. मग खिशातून घडी घातलेला आलेख काढून तिच्या हातात दिला. कागद त्यांच्या हातात फडफडत होता, म्हणून तिला तो दोन्ही हातांनी धरून घ्यावा लागला.

तिने तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. रेघेवरून एकदा बोट फिरवलं. कागदावर निळा डाग पडला.

"छान आलीय," ती म्हणाली.

"मला वाट्टेल ते बोल. चार शिव्या घाल. पण बोल काहीतरी."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग आईशी काहीतरी हळू बोलल्याचा. लोखंडे खुर्चीवर बसले. ती चहा घेऊन आली आणि कप त्यांच्यासमोर ठेवला. अर्धाच भरलेला होता. लोखंड्यांनी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि इतक्या महिन्यांनी त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"तुला माहीत होतं?"

"वर्ष झालं. तुमच्या हातून चहा सदऱ्यावर सांडायचा. तुम्ही तो पुसत पुसत इकडेतिकडे बघायचात. मला बघवायचं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की." ती समोर बसली. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरून आले होते. "त्या दिवशी बाकावर. सगळं बरं आहे ना, म्हणून विचारलं होतं. मी यंत्राचं विचारलं नव्हतं, दादा."

लोखंड्यांनी दोन्ही हातांनी कप उचलला. अर्धा असूनही तो थोडा सांडला. ती तिथेच बसून राहिली, त्यांचा चहा संपेपर्यंत.